भोंगा वाजला की थांबायचं

तिला नाव होतं, नाही असं नाही. पण केंद्रात पाऊल टाकलं त्याच दिवशी बायकांनी तिला बोचकेवाली करून टाकलं आणि तिने ते निमूटपणे अंगावर घेतलं. राग यायचा म्हटलं तरी आधी बोलणं आत कुठेतरी पोचावं लागतं. हिच्या आत त्या दिवसांत काहीच पोचत नव्हतं.

बोचकं म्हणजे एक जुनी निळी चादर. चारी टोकं करकचून आवळलेली. आत एक पातेलं, मायलेकींचे कपडे, मुलीचा स्वेटर, कागदांची प्लास्टिकची पिशवी आणि पाण्याच्या नळाची एक पितळी तोटी. ही तोटी काय म्हणून? तर ज्या दिवशी घर सुटलं त्या दिवशी ती नळाचा वायसर बदलत होती आणि तोटी हातात होती. हातात होती म्हणून बरोबर आली, एवढंच. आता त्या तोटीला ना नळ उरला होता ना भिंत, पण ती टाकून द्यावी असं काही बोचकेवालीच्या मनात आलं नाही. मनात यायला मन जागेवर लागतं.

हे बोचकं ती सगळीकडे घेऊन जाई. जेवायला बसली तरी मांडीला टेकून, न्हाणीघरात गेली तरी दाराच्या कडीला अडकवून. सकाळी उठली की पहिलं काम काय, तर अंथरुणाची घडी करून सगळं बांधून ठेवायचं. जणू दुपारची गाडीच पकडायची आहे! "काय हो, आज कुठे निघाली स्वारी?" असं तोफ रोज विचारायची. तोफ म्हणजे शेजारच्या कॉटवरची बाई. तिचा आवाजच तसा होता, कुजबुजली तरी रस्त्यावर ऐकू जाई. बोचकेवाली म्हणायची, "हं." कुठे, कधी, कशाला, सगळ्याला उत्तर एकच, "हं."

केंद्र होतं एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात. खाली काचांची मोठी दालनं, वर गोदाम. वर पडदे लावून घर सुटलेल्या आया आपल्या पोरांना घेऊन झोपायच्या आणि खाली शिकायच्या. सकाळी लिहिणं-वाचणं आणि हिशेब, दुपारी आजारी माणसाची सेवा कशी करायची ते. ताप बघायचा, रक्तदाब बघायचा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं, अंथरुणातल्या माणसाला न उठवता चादर बदलायची. रस्त्याने जाणारे लोक काचेला नाक लावून बघत. बघेनात का! बायकांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

शिकण्यासाठी एक रबरी रोगी होता. दिवसभर नुसता पडलेला, सगळ्या बायका भोवती राबताहेत आणि ह्याचं तोंड वाकडं ते वाकडंच. म्हणून बायकांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "जावईबापूंना आज परत चौथ्यांदा चादर हवीय गं!" असं तोफ ओरडली की वर्गात हसण्याची लाट उठायची. शिकवणाऱ्या मेट्रनबाईसुद्धा रुमालाआड हसायच्या. एक बोचकेवाली तेवढी जावईबापूंच्या गादीचे कोपरे मुकाट्याने आत खोचत असायची. कोपरे मात्र असे खोचायची की नुसतं बघत राहावं.

मेट्रनबाई मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. अंगाने भारी, गुडघे गेलेले, जिभेला धार. त्यांचे नियम पाठ असल्याशिवाय सुटका नव्हती. "उचलायचं नाही, वळवायचं. ओढायचं नाही, सरकवायचं. आणि माणूस पाठीवर तर कध्धीच घ्यायचा नाही. पाठ गेली की नोकरी गेली, मग बसा घरी." इथे त्या एकदम गप्प झाल्या, कारण समोर बसलेल्यांपैकी एकीलाही घर नव्हतं. घसा खाकरून त्यांनी पुढचा नियम सांगितला. "धोक्याचा भोंगा वाजला की माणसाला चाकाच्या खुर्चीत घ्यायचं, मागच्या अंगणात आणायचं आणि मोजणी होईपर्यंत तिथेच थांबायचं. पळायचं नाही. कुणीही नाही."

"थांबायचं?"

सगळ्यांनी माना वळवल्या. बोचकेवाली बोलली होती! इतक्या दिवसांत 'हं' सोडून तिच्या तोंडून बाहेर पडलेला तो पहिला शब्द.

"थांबायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "का, काय झालं?"

"हं," ती म्हणाली आणि कोपरा खोचू लागली.

तिला एक मुलगी होती, ठमी. नऊ वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आईचा आवाज बंद झाला तेव्हापासून दोघींचं बोलणं एकटी ठमीच बोलत होती. शाळेतल्या गमती सांगायची, मास्तरांची नक्कल करायची, आणि आईच्या ओठाचा कोपरा हलतो का ते डोळ्यांच्या कडेने बघायची. हलत नसे. मग पोरगी दुसरी गंमत काढायची. अशा पोरीला काय म्हणावं! मोठ्या माणसांनी कधीच नाद सोडून दिला असता.

ठमीला वृद्धाश्रमाच्या खोल्यांबद्दल कळलं होतं. शहराच्या त्या टोकाला एक वृद्धाश्रम होता. केंद्रातल्या शिकलेल्या बायकांना तिथे महिनाभर परीक्षेवर घेत, आणि जी पास होईल तिला कायमची नोकरी आणि स्वयंपाकघरामागची एक खोली मिळे. केंद्रात तर शिक्षण संपेपर्यंतच राहता येई. पुढची तुकडी दारात उभीच असायची. खोली मिळाली नाही तर मायलेकींना पुन्हा छावणीच्या तंबूत जावं लागणार होतं, आणि छावणीजवळ शाळा नव्हती.

"आई, खोली मिळाली की बोचकं सोडशील?"

"हं."

"सगळं? तोटीपण फळीवर ठेवशील?"

"हं."

"मग बांधणार नाहीस ना परत?"

ह्यावर मात्र 'हं' आलं नाही. ठमीने वाट बघितली आणि मग मास्तरांची नक्कल सुरू केली.

वृद्धाश्रमात बोचकेवालीच्या वाट्याला आल्या पोस्टातल्या आजी. सगळा जन्म पोस्टात टपालाच्या थैल्या बांधण्यात गेलेला. आता आठवण गेलेली. सकाळी काय खाल्लं ते दुपारी ठाऊक नसायचं. दिवसभर ठीक, पण उन्हं उतरली की आजींना ऊत यायचा. उशी, टॉवेल, फणी, चष्म्याचं घर, हाताला लागेल ते पलंगावर गोळा करायच्या आणि म्हणायच्या, "निघायचं ना? गाडी काय आपल्यासाठी थांबणारेय?" आधीच्या बायकांनी सगळे उपाय करून पाहिले होते. उद्या जाऊ म्हणून पाहिलं, दटावून पाहिलं, सामान कपाटात कुलूपबंद करून पाहिलं. आजी दार ठोठावत, रडत, एकदा तर एकीला चावल्या. सगळ्यांच्या नाकीनऊ आले होते.

पहिल्याच संध्याकाळी आजींनी विचारलं, "निघायचं ना?"

"हं," बोचकेवाली म्हणाली. आणि पलंगावर चादर पसरून उशी, टॉवेल, फणी मधोमध ठेवून तिने टोकं जुळवली.

"अशी गाठ मारतात? सुटेल ती वाटेत!" आजी कडाडल्या. "बोट दे इथे. आता हे टोक खालून घे. आवळ. अजून आवळ."

झालं. बांधून झाल्यावर दोघी पलंगाच्या कडेला शेजारी बसल्या, मांडीवर आपापलं बोचकं. आजी शांत. चहा आला, तो प्यायला. मग अंधार पडायच्या बेताला आजींना झोप आली. बोचकेवालीने सामान सोडून जिथल्या तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं रोज.

व्यवस्थापकांना हे आवडलं नाही. चष्मा कपाळावर ठेवून वावरणारे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे जीव की प्राण. "तुम्ही त्यांच्या वेडाला खतपाणी घालताय, बाई. त्यांना कुठे जायचंय?" बोचकेवालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि नेहमीचंच उत्तर दिलं. पण आजींचा आरडाओरडा थांबला होता, झोपेची गोळीही बंद झाली होती, त्यामुळे त्यांनी विषय वाढवला नाही. मेट्रनबाई आठवड्यातून एकदा पाहणीला यायच्या. त्यांनी दारातूनच त्या दोघींना बोचकी घेऊन बसलेलं पाहिलं आणि तिथूनच परत फिरल्या.

मग तो दिवस आला. जेवणं नुकतीच झाली होती, भांडी घासायला पडली होती, आणि भोंगा वाजला.

आग नव्हती, काही नव्हतं. न सांगता घेतलेली कवायत होती; सगळे नियमाप्रमाणे अंगणात जातात का ते बघायची. बाकीच्या बायकांनी खुर्च्या बाहेर काढल्या आणि मागच्या दाराकडे वळवल्या. बोचकेवालीने काय विचार केला, असं विचाराल तर तिने विचार केलाच नाही. आजींच्या पलंगावरची चादर ओढली, आजींना पाठीवर घेतलं, पोर बांधतात तशी चादर छातीशी गाठ मारून बांधली, पलंगाखालचं आपलं बोचकं हातात घेतलं आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. गाठ आजींनीच शिकवलेली, ती सुटायची नव्हती. फाटकावरचा रखवालदार मोजणीसाठी मागे गेला होता. अडवायला कुणीच नव्हतं.

ती चालत सुटली. टायरवाल्याचं दुकान, सलून, औषधाचं दुकान मागे पडलं. लोक थबकून बघत होते. एका बाईच्या पाठीवर पांढऱ्या केसांची म्हातारी, आणि ती म्हातारी आजूबाजूला बघत हसतेय, एकाला तर तिने हात केला! "बरं झालं निघालो," आजी कानाशी म्हणत होत्या. "वेळेत पोचू." चौकात आजी एका बाजूला कलायला लागल्या. त्यांना सावरायला बोचकेवालीला दोन्ही हात हवे होते. तिने बोचकं रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि पुढे गेली.

ठमीच्या शाळेपाशी ती थांबली. शिपायाने आधी हुज्जत घातली, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आत पळाला. ठमी दप्तर सावरत बाहेर आली.

"आई? काय झालं? ह्या कोण?"

"आजी."

"कुणाच्या?"

बोचकेवाली रस्त्याकडे बघू लागली. एका बाजूला रस्ता गावाबाहेर जात होता, दुसऱ्या बाजूला बाजाराकडे. कुठल्याही बाजूला तिला जायचं ठिकाण नव्हतं, हे तिला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"आई," ठमीचा आवाज अगदी बारीक झाला, "बोचकं कुठाय?"

तिने हाताकडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे आजींच्या गुडघ्यांखाली होते. तेव्हा शाळेच्या पायरीवर ती आजींना घेऊन अलगद बसली.

थोड्या वेळाने रिक्षातून मेट्रनबाई उतरल्या. पाहणीसाठी त्याच दिवशी आल्या होत्या, आणि माणसं कमी भरल्याबरोबर निघाल्या होत्या. कमरेवर बोचकं होतं. चौकात पडलेलं बघून त्यांना दिशा कळली होती. धापा टाकत त्या पायरीवर येऊन बसल्या. आधी आजींची नाडी बघितली, पाय बघितले, मग बोचकेवालीकडे वळल्या.

"मी काय शिकवलं होतं? अंगणात थांबायचं. शिकवलं होतं की नव्हतं?"

"हं."

"हं काय हं! तोंडाने बोल. अगं, म्हातारीचं हाड मोडलं असतं म्हणजे? तुला खोली नकोय? पोरीला तंबूत न्यायचंय?"

बोचकेवाली बोलली. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवावं तशा सपाट आवाजात बोलली.

"धरणाचा भोंगा वाजला तेव्हा साहेब आले. म्हणाले, शाळेच्या मैदानात थांबा, मोजणी होईल, मग गाड्या येतील. माझी जाऊ थांबली. पहिल्यापासून ती मोठ्यांचं ऐकणारी. तिची दोन्ही पोरंही थांबली. मी नाही थांबले. हिला पाठीवर घेतलं आणि टेकडी चढले. वरून मैदान दिसत होतं. मग दिसेनासं झालं." ठमीचं दप्तर जवळ ओढत ती म्हणाली, "नवरा घर बघून येतो म्हणून परत गेला. तोही नाही आला."

ठमी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. हे सगळं तिला ठाऊक होतं, पण आईच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

पदराने मान पुसत मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, पण ते मैदान आणि हे अंगण एक नाही. हे पटतं का तुला?"

"पटतं हो, बाई. मला पटतं," ती म्हणाली. "पायांना पटत नाही."

"गाडी किती उशिरा आहे?" आजींनी विचारलं.

परत आल्यावर व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "माझ्याकडे दोन माणसं कमी भरली, मेट्रनबाई. खरी आग असती तर आमची माणसं ह्या दोघींना शोधायला धुरात गेली असती. कुणी मेलं असतं. मी ही बाई ठेवू शकत नाही." आता ह्यात चुकीचं काय होतं, सांगा? मेट्रनबाईंना तेच तर खटकत होतं की चूक काही नव्हतं. त्यांनी आवाज चढवला नाही. फसलेली कवायत परत घ्यावीच लागते, असा नियम होता, तो तेवढा त्यांनी काढला. "परत घ्यालच ना? न सांगता घ्या. तेव्हा ही जर फाटकाबाहेर गेली तर मीच हिचं बोचकं उचलून छावणीत पोचवीन." व्यवस्थापक नियमावर अडले. नियम त्यांचाच होता.

इकडे केंद्रात तोफेने सूत्रं हातात घेतली. "एवढंच ना? थांबायचंच ना? आपण शिकवू की हिला!" जेवणाचं ताट आणि पळी घेऊन ती आवारात उभी राहिली. बाकीच्या बायका जावईबापूंना खुर्चीत बसवून बाहेर आल्या. "मी बडवते, तुम्ही थांबायचं. बोचकेवाली मधे. ऐका!" आणि तिने ताट बडवलं.

काय झालं असेल? निम्म्या बायका जिना चढून पोरांकडे पळाल्या. दोघी-तिघी फाटकाबाहेर गेल्या. एक बाई कोपऱ्यात डोकं गुडघ्यात घालून बसली. जावईबापू खुर्चीवरून घसरून तोंडावर पडले. आणि खुद्द तोफ? ताट-पळी फेकून आपल्या धाकट्याला काखोटीला मारून रस्त्याच्या पलीकडे उभी होती! बोचकेवाली तिच्या शेजारीच.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तोफ हसायला लागली. हसता हसता ती अशी वाकली की पोरगं निसटलं. एकेक करून बायका परतल्या, त्याही हसू लागल्या, आणि मग हळूहळू हसणं थांबलं. कुणी कुणाला विचारलं नाही की तू कुठे निघाली होतीस.

"परत," तोफ डोळे पुसत म्हणाली. "जावईबापूंना उचला. परत."

रोज रात्री ताट वाजायला लागलं. शेजारपाजारचे लोक वैतागले. बायका हळूहळू थांबायला शिकल्या, एक जिन्याच्या पायथ्याशी, एक फाटकाला धरून, शेवटी सगळ्या आवारात. बोचकेवाली मात्र दर वेळी निघायचीच. "अगं, ताट आहे ते, ताट!" तोफ ओरडायची. ती परत यायची, जागेवर उभी राहायची, आणि ताट वाजलं की पाय पुन्हा चालू लागायचे. ठमी जिन्यात बसून हे बघत असायची. तिने नकला करणं सोडून दिलं होतं.

एके दिवशी ती खाली आली आणि म्हणाली, "आई, तू खालीच बस ना. बसल्यावर पाय कसे जातील?"

भोंगा परत वाजला तेव्हा सकाळ होती. आजींची वेणी घालून होत होती. बोचकेवालीच्या हातातली फणी पडली. तिने आजींना उचललं. मग त्यांना परत पलंगावर टेकवलं, खुर्ची ओढली आणि शिकवलं होतं तसं वळवून, सरकवून खुर्चीत बसवलं. दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे फाटक होतं आणि उजवीकडे अंगण. ती डावीकडे वळली. फाटकाजवळ मेट्रनबाई उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही, हाक मारली नाही. कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या. बोचकेवालीने खुर्ची फिरवली.

अंगणात सगळे रांगेत आले होते. व्यवस्थापक बोट नाचवत मोजत होते. भोंगा वाजतच होता. तिने खुर्ची रांगेत लावली, ब्रेक लावला आणि पाय निघण्याआधी मटकन जमिनीवर बसली. दोन्ही हात खुर्चीच्या चाकात घातले आणि गज धरून ठेवले. अंग थडथड उडत होतं. ती खुर्ची हलवत होती की खुर्ची तिला, कळत नव्हतं. ठमी तिकडे शाळेत होती. त्या दिवशीच्या टेकडीवरून दिसलेलं सगळं पुन्हा दिसत होतं. ती डोळे मिटायला गेली तर जास्तच दिसू लागलं, म्हणून तिने डोळे उघडे ठेवले आणि समोरच्या धुण्याच्या दोरीवरचे चिमटे बघत राहिली.

वरून आजींचा हात तिच्या डोक्यावर आला. भोंग्याने आजीही बावरल्या होत्या, पण त्यांना एक माणूस माहीत होतं जे त्यांचं कधी खोडून काढत नसे.

"निघायचं ना गं?"

तिने गज आणखी घट्ट धरले.

"अगं, निघायचं ना?"

"नाही, आजी," ती म्हणाली. "इथेच थांबायचं."

आजींनी खाली वाकून तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. जुन्या ओळखीचं कुणी भलत्याच घरात दिसावं तसं बघितलं.

"मग रोज सामान कशाला बांधलंस माझ्याबरोबर?"

आजींनी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"भरले सगळे!" व्यवस्थापक ओरडले, आणि भोंगा थांबला.

तर अशी ती पास झाली. त्याच दिवशी खोली मिळाली, स्वयंपाकघरामागची, एक खिडकी, एक फळी, एक खाट, भिंतीत एक नळ. तोफ सामान पोचवायला आली होती. सामान ते काय, तेच एक. पण तिला यायचंच होतं, आणि येताना तिने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की आमच्या बाईला खोली मिळाली. ठमीने गाठ सोडायला घेतली, ती सुटेना. दात लावले तेव्हा सुटली. पातेलं खाली, कपडे फळीवर, कागद उशीखाली. तोटी ठमीने नळाशी लावून बघितली, बसली नाही, म्हणून ती फळीवर ठेवली.

उरली निळी चादर. बोचकेवालीने ती खाटेवर पसरली आणि सवयीने कोपरे खोचायला वाकली. पण इतके दिवस गाठीत राहून चारही टोकांना पीळ पडला होता. कितीही सरळ केली तरी ती परत वळत होती, गादीखाली राहत नव्हती. जिने खोचलेली जावईबापूंची चादर कधी हलली नाही, तिची स्वतःची चादर बसेना. ठमी म्हणाली, "राहू दे, आई." आणि एका कोपऱ्यावर जाऊन बसली, म्हणजे तेवढा तरी दबून राहील.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना ती चहा घेऊन आजींच्या खोलीत निघाली. काल सकाळचं आजींना काय आठवणार? त्यांना स्वतःच्या पोरांची नावं आठवत नव्हती. आता विचारतील, निघायचं ना, आणि आपण बांधून देऊ, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आता तिला कुठे जायचं नव्हतं, पण म्हातारीबरोबर बसायला काय हरकत होती? असं मनाशी ठरवावंसं वाटणं हेही तिला नवीनच होतं.

आजी पलंगाशी उभ्या होत्या. उशी, टॉवेल, फणी चादरीत गोळा केलेलं. शेजारी फरशी पुसणारी बाई फडकं हातात घेऊन अडकून पडली होती, कारण आजींनी तिचा दंड धरला होता आणि हळू आवाजात तिला गाडीची वेळ सांगत होत्या. दारात पावलं वाजली तशा आजी थांबल्या. वळून बघितलं आणि फरशीवालीच्या कानाशी वाकल्या. कान जड झालेल्या माणसाची कुजबुज ती, खोलीभर ऐकू आली.

"हिच्यासमोर नको. ही इथली आहे."

बोचकेवाली दारातच थांबली. तिला लोक पूरवाली म्हणाले होते, छावणीतली म्हणाले होते, बाहेरची तर रोजच म्हणाले होते. इथली कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा हे असं. तिचं तोंड आधी आतून गरम झालं, मग डोळे. तिने हातातला चहा खिडकीत ठेवला. टेकडीवर तिला रडू आलं नव्हतं, छावणीत आलं नव्हतं, तिथे त्या पायरीवरही आलं नव्हतं. आता आलं. आवाज होऊ नये म्हणून तिने पदर तोंडात धरला.

आजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. टोकं जुळवून त्यांनी गाठ मारली, पण बोटांत जोर राहिला नव्हता. गाठ सैल बसली होती, एक पाऊल टाकलं असतं तरी सुटली असती. बोचकेवाली पुढे गेली. खालचं टोक वर घेतलं, आवळलं, अजून आवळलं. आजींनी गाठ चाचपून पाहिली. मग बोचकं उचलून छातीशी धरलं आणि तिच्याकडे पाठ करून फरशीवालीला म्हणाल्या, "चल, आपण निघू."